३८४ फॉर्म भरून झाले, आता टी टेस्ट लावू की काय स्क्वेअर?

एका ताईंनी मला प्रश्न विचारलाय, तो थोडक्यात असा आहे: एमएसडब्ल्यू झालंय, पीएचडी सुरू आहे, विषय बचत गटातल्या महिला आणि घरातले निर्णय. नागपूर जिल्ह्यातल्या हिंगणा आणि काटोल तालुक्यात ३८४ फॉर्म भरून झालेत. गाईड म्हणतात आता हायपोथेसिस (गृहीतकं) टेस्ट करून आणा. गणित दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. तर टी टेस्ट लावू, काय स्क्वेअर (chi-square) लावू की अनोव्हा, दोन महिन्यांत हे सगळं शिकून होईल का, की बर्डीवरच्या एखाद्या डेटा अनॅलिसिसवाल्याला पेनड्राइव्ह देऊन मोकळी होऊ?

मी नागपुरातच सर्व्हे आणि डेटाचं काम करतो, संस्थांसाठी पण आणि संशोधन करणाऱ्या मुलामुलींसोबत पण, आणि हा प्रश्न माझ्याकडे जवळपास याच शब्दांत येत असतो, सबमिशनची तारीख जवळ आली की जास्तच. त्यामुळे जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी जे विचारलंय त्याचं उत्तर. उत्तर हो-नाही किंवा प्रकारात असेल (निर्णय घेते / घेत नाही) आणि तुलना पण प्रकारांमध्येच असेल (जुना गट / नवा गट) तर काय स्क्वेअर. उत्तर आकड्यात असेल आणि दोन गटांची सरासरी ताडून बघायची असेल तर टी टेस्ट, तीन किंवा जास्त गट असतील तर अनोव्हा. दोन्हीकडे आकडेच असतील तर कोरिलेशन (दोन आकडे सोबत वाढतात-घटतात का) नाहीतर रिग्रेशन (बाकीच्या गोष्टी धरून एकावरून दुसऱ्याचा अंदाज). झालं. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही पुस्तकात त्याचा तक्ता मिळतो. पण हा तक्ता पाठ केलेली किती तरी मुलं व्हायव्हात "मग या ०.०३ पी व्हॅल्यूचा अर्थ काय हो?" एवढ्यावर गप्प होतात, कारण त्यांनी टेस्ट निवडायला शिकलेलं असतं, टेस्ट कशासाठी असते ते नाही.

खरी अडचण कुठे आहे सांगतो. त्या ३८४ जणींनी काय सांगितलं ते तुम्हाला माहीतच आहे, फॉर्म तुमच्या कपाटात आहेत. त्यांच्याबद्दल बोलायला कोणतीच टेस्ट लागत नाही, टक्केवारी काढा आणि लिहून टाका. टेस्ट लागते ती ज्या बायांना तुम्ही भेटलाच नाहीत त्यांच्याबद्दल काही म्हणायचं असेल तर. म्हणजे प्रश्न एवढाच: याच दोन तालुक्यांत त्या दिवशी दुसऱ्याच ३८४ जणी भेटल्या असत्या तर माझं उत्तर किती हललं असतं? स्टँडर्ड एरर, कॉन्फिडन्स इंटरव्हल, पी व्हॅल्यू, टी, काय स्क्वेअर, सगळी वरात याच एका प्रश्नामागे चालते. हे एकदा डोक्यात बसलं की गणित दहावीपर्यंतचं पुरतं, वर्गमूळ काढता आलं म्हणजे झालं, आणि ते पण मोबाईल काढून देतो.

ही कल्पना काही फक्त पुस्तकी नाही बरं का. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी बंगालमध्ये तागाच्या पिकाचे सर्व्हे केले तेव्हा एकाच भागात दोन वेगळे नमुने घेऊन दोन वेगळ्या टीम पाठवायची पद्धत वापरली. दोघांचे आकडे जवळ आले तर ठीक, लांब गेले तर कुठे तरी पाणी मुरतंय. पुढे १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात पण ही पद्धत आली. आपल्याकडे दोन टीम पाठवायला पैसे नसतात, म्हणून आपण एकाच नमुन्यावरून अंदाज बांधतो की दुसरी टीम गेली असती तर किती फरक पडला असता. त्या अंदाजाचं नाव स्टँडर्ड एरर.

आता हे वाचून पटलं असं वाटेल पण बसणार नाही, हाताने करावं लागतं. तुमच्याकडे फॉर्मना नंबर असतीलच, १ ते ३८४. थोडा वेळ असं समजा की जगात बाया एवढ्याच. एक हो-नाही वाला प्रश्न घ्या, ज्यात साधारण अर्ध्या 'हो' आहेत असा. एक्सेलमध्ये रँडबिटवीन (चिठ्ठी टाकल्यासारखे नंबर काढून देणारं सूत्र) लावून १ ते ३८४ मधले २५ नंबर काढा, एकच नंबर दोनदा आला तर दोनदा मोजा, त्या फॉर्मांतले 'हो' मोजा, टक्केवारी लिहा. परत २५ काढा. परत. वीसेक वेळा करा. तुम्हाला ४८, ५६, ४०, ६०, ५२ असे आकडे दिसतील, कधी मधीच ३२ पण येईल, आणि तुमच्या लक्षात येईल की फॉर्म तेच, बाया त्याच, प्रश्न तोच, तरी उत्तर नाचून राहिलं. मग २५ च्या जागी १०० नंबर काढून तेच करा. आता उत्तरं बहुतेक ४० ते ६० च्या आत राहतील.

नंतर सूत्र बघा, आधी नाही. टक्केवारीचा स्टँडर्ड एरर म्हणजे 'हो' चं प्रमाण गुणिले 'नाही' चं प्रमाण, भागिले नमुन्याची संख्या, आणि त्याचं वर्गमूळ. ०.५ गुणिले ०.५ भागिले २५, वर्गमूळ ०.१, म्हणजे १० टक्के. १०० घेतले तर ५ टक्के. नमुना चौपट केला तर हलणं निम्मं होतं, चौपट कमी नाही. साधारण दोन स्टँडर्ड एरर इकडे आणि दोन तिकडे, एवढ्या पट्ट्यात ९५ टक्के वेळा उत्तर राहतं. जे तुम्ही एक्सेलमध्ये डोळ्यांनी पाहिलं तेच सूत्र सांगतंय. माझ्या अनुभवात ज्यांनी हा खेळ एकदा मन लावून केला त्यांना पुढचं सगळं अर्ध्या वेळात येतं, आणि ज्यांनी "हे काय पोरखेळ" म्हणून सोडला ते शेवटपर्यंत टेबलमधले, लहान पी व्हॅल्यूपुढे लावलेले स्टार मोजत बसतात.

आता तुमच्याच विषयातलं एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी बनवलेले आहेत. समजा तीन वर्षांपेक्षा जुन्या गटांतल्या १०० जणींना विचारलं की घरातल्या मोठ्या खर्चात तुमचं मत घेतात का, ५८ 'हो' म्हणाल्या. नव्या गटांतल्या १०० पैकी ४४ 'हो'. फरक १४ टक्क्यांचा.

काय स्क्वेअर हाताने: एकूण 'हो' १०२, म्हणजे फरकच नसता तर दोन्हीकडे ५१-५१ यायला पाहिजे होत्या, आणि 'नाही' ४९-४९. प्रत्येक घरात प्रत्यक्ष आणि अपेक्षित यात ७ चं अंतर आहे. ७ चा वर्ग ४९. ४९ भागिले ५१ दोनदा, ४९ भागिले ४९ दोनदा, बेरीज ३.९२. दोन बाय दोनच्या टेबलला डिग्री ऑफ फ्रीडम (किती आकडे मोकळेपणाने बदलू शकतात ती संख्या) एक, आणि पाच टक्क्यांची रेषा, म्हणजे योगायोगाने १०० पैकी ५ वेळाच ओलांडली जाते ती, ३.८४ वर. आपण तिच्या जरासे वर. पी व्हॅल्यू ०.०४८.

या ०.०४८ चा अर्थ नीट वाचा कारण इथेच सगळे घसरतात. अर्थ असा: सगळ्या बायांमध्ये मुळात जुन्या-नव्या गटाचा काहीच फरक नसता, तरी निव्वळ कोण हाती लागलं या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक १०० पैकी साधारण ५ वेळा दिसला असता. बस एवढंच. "माझी हायपोथेसिस खरी असण्याची शक्यता ९५ टक्के" असा अर्थ नाही. "फरक मोठा आहे" असा पण नाही. "गटामुळे फरक पडला" असा तर मुळीच नाही, कारण जुन्या गटांतल्या बाया वयाने मोठ्या असतात, पोरं मोठी झालेली असतात, सासूचं राज्य संपलेलं असतं, तर ते मत घेणं गटामुळे आहे की वयामुळे हे काय स्क्वेअर सांगूच शकत नाही, त्यासाठी वय धरून रिग्रेशन करावं लागतं.

आता गंमत बघा. हेच टेबल एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की खाली एक नाही, बऱ्याच ओळी येतात. पहिली पिअरसन काय स्क्वेअर, आपण हाताने काढली तीच, तिथे ०.०४८. तिच्या खालीच कंटिन्युइटी करेक्शन म्हणून ओळ असते, ही येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये सुचवलेली दुरुस्ती, तिथे ०.०६६. म्हणजे एका ओळीत सिग्निफिकंट (पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली) आणि दुसऱ्या ओळीत नाही. बायांनी उत्तरं तीच दिलीत, तुम्ही फॉर्म तेच भरलेत. मग गटाने फरक पडतो की नाही पडत? ०.०५ च्या रेषेवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्याकडे याचं उत्तर नसतं.

म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, पी व्हॅल्यूच्या आधी कॉन्फिडन्स इंटरव्हल काढा, म्हणजे खरं उत्तर ज्या पट्ट्यात असू शकतं तो पट्टा. इथे दोन्ही टक्केवारींचे स्टँडर्ड एरर एकत्र केले (नुसती बेरीज नाही, वर्गांची बेरीज आणि तिचं वर्गमूळ) की फरकाचा स्टँडर्ड एरर बरोबर ७ टक्के येतो. त्याला १.९६ ने (वरच्या 'साधारण दोन'चा नेमका आकडा) गुणलं की १३.७. म्हणजे फरक १४, पण खरा फरक ०.३ टक्क्यापासून २७.७ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. आता हे वाक्य गाईडना सांगून बघा. "फरक बहुतेक आहे, पण नगण्य आहे की जबरदस्त आहे हे एवढ्या डेटावरून सांगता येत नाही." हे प्रामाणिक वाक्य आहे आणि ते "नल हायपोथेसिस (फरक नाही हे गृहीतक) रिजेक्टेड" पेक्षा किती तरी जास्त सांगतं. उलट बाजूने पण तेच, पी ०.२ आला म्हणून "नल हायपोथेसिस स्वीकारली, फरक नाही" असं लिहू नका. इंटरव्हल उणे ५ ते अधिक २० असेल तर फरक नाही असं कुठे सिद्ध झालं? दिसला नाही, एवढंच.

तसं ०.०५ हे काही वरून आलेलं नाही. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९२५ मध्ये विसात एक ही सोयीची मर्यादा म्हणून मांडली आणि जगाने ती पकडून ठेवली. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सांख्यिकी तज्ज्ञांच्या संघटनेने अधिकृत निवेदन काढून सांगितलं की नुसती पी व्हॅल्यू रेषेच्या अलीकडे की पलीकडे यावर निष्कर्ष काढू नका. आपल्याकडच्या थिसिसच्या साच्यात मात्र अजून "टेबल व्हॅल्यू पेक्षा कॅल्क्युलेटेड व्हॅल्यू जास्त म्हणून..." हे वाक्य जसंच्या तसं चालू आहे. तुमच्या रिसर्च सेंटरला तो साचा लागत असेल तर लिहा बापा, भांडत बसू नका, फक्त त्याच्या खाली इंटरव्हलची एक ओळ टाका, ती टाकायला कोणी मनाई करत नाही.

आता ३८४ कडे येऊ, कारण मला तुमच्या प्रश्नात टेस्टपेक्षा हाच आकडा जास्त खटकला. हा आकडा सगळीकडे दिसतो, नमुना किती घ्यायचा ते सांगणाऱ्या क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या टेबलमधून येतो, आणि त्यामागे गणित एवढंच: १.९६ चा वर्ग, गुणिले ०.२५, भागिले ०.०५ चा वर्ग. येतं ३८४.१६. म्हणजे एकच टक्केवारी काढायची असेल, आणि बाया यादीतून चिठ्ठी टाकून निवडल्या असतील, तर पाच टक्के इकडेतिकडे एवढी अचूकता मिळते. दोन अटी आहेत, आणि दोन्ही बहुतेक थिसिसमध्ये मोडलेल्या असतात.

पहिली अट: एकच टक्केवारी. तुम्ही तर तुलना करणार. हिंगणा १९२, काटोल १९२ धरले तर प्रत्येक तालुक्याची अचूकता पाच नाही, सात टक्के होते, आणि दोन तालुक्यांच्या फरकाची तर साधारण दहा टक्के. म्हणजे आठ टक्क्यांचा फरक खरोखर असला तरी तो सापडण्याची खात्री नाही. त्यातून विधवा महिलांचा वेगळा गट काढला आणि त्या ६० च निघाल्या तर साडेबारा टक्क्यांच्या वर जातं.

दुसरी अट जास्त महत्त्वाची आणि इथे सगळं परिस्थितीवर आहे, तुमच्या बाया निवडल्या कशा ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण आपल्याकडे सहसा काय होतं ते मी बघत आलोय. उमेदच्या (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) सीआरपी ताईंचा, म्हणजे गावातले बचत गट सांभाळणाऱ्या कार्यकर्तीचा, नंबर मिळतो, फोन होतो, त्या म्हणतात "या तुम्ही मंगळवारी, मी बाया जमवते." समाजमंदिरात सतरंजी टाकलेली असते, दुपारी दोनला पंधरा-वीस जणी येतात, गटाच्या अध्यक्षबाई पुढे बसतात. तुम्ही पहिल्या बाईला विचारता की घरात पैशाचा निर्णय कोण घेतं, ती अध्यक्षबाईंकडे बघते, मागून कोणी तरी म्हणतं "दोघं मिळून म्हण नं", हशा होतो, आणि नंतरच्या अकरा फॉर्मांवर "दोघं मिळून" येतं.

यात दोन वेगवेगळे घोटाळे आहेत, ते एकात एक मिसळू नका.

एक म्हणजे कोण आलंच नाही. सीआरपी ताई जमवतात त्या मीटिंगला येणाऱ्या, हप्ता वेळेवर भरणाऱ्या. कळमन्यात संत्र्याच्या ढिगावर वरची फळं जशी निवडून लावलेली असतात तसं. जी कर्ज थकवून गटातून बाहेर पडली ती त्या सतरंजीवर नसते. त्यात काटोलकडे संत्र्याच्या तोडीला किंवा कापूस वेचायला गेलेल्या बाया दुपारी दोनला भेटणार नाहीत, आणि हिंगण्यात एमआयडीसीत शिफ्टला गेलेल्या भेटणार नाहीत. म्हणजे दोन्ही तालुक्यांत गैरहजर असणाऱ्या पण वेगवेगळ्या. मग तुमच्या दोन तालुक्यांतला फरक हा तालुक्यांचा, की कोण घरी होतं त्याचा? याला जगातली कोणतीच टेस्ट औषध नाही. नमुना ३८४ चा ३८४० केला तरी नाही, उलट चुकीचं उत्तर जास्त आत्मविश्वासाने मिळेल.

दुसरा घोटाळा म्हणजे एका गावातल्या, एका गटातल्या बाया एकमेकींसारख्या असतात. एकच सीआरपी, एकच बँक शाखा, बऱ्याचदा एकच मोहल्ला. त्यामुळे सोळावी बाई तुम्हाला पहिल्या पंधरांपेक्षा फार नवीन काही सांगत नाही. याचा हिशोब सोपा आहे: एक अधिक, गावातल्या बायांची संख्या वजा एक, गुणिले त्यांचं आपसातलं साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे सगळ्या अगदी सारख्या). समजा २४ गावं, प्रत्येक गावात १६ जणी, झाल्या ३८४. साम्य फक्त ०.१ धरलं तरी एक अधिक १५ गुणिले ०.१, म्हणजे २.५. याला डिझाइन इफेक्ट म्हणतात. ३८४ भागिले २.५, साधारण १५४. फॉर्म ३८४ आहेत पण माहिती १५४ स्वतंत्र बायांएवढीच आहे, आणि तुमची पाच टक्क्यांची अचूकता आठ टक्क्यांवर गेली. साधी काय स्क्वेअर लावणारं सॉफ्टवेअर मात्र तुम्हाला ३८४ चेच पैसे देतं, म्हणून पी व्हॅल्यू यायला हवी त्यापेक्षा लहान येते आणि मुलं खूश होतात.

०.१ हा आकडा मी समजण्यापुरता धरलाय, तुमच्या प्रश्नाला कमी-जास्त असेल, तो तुमच्याच डेटातून मिक्स्ड मॉडेलने (गावागावातला फरक धरणारं रिग्रेशन) काढता येतो. पण नवीन शिकणाऱ्यांना मी आधी एक साधा उपाय सांगतो. तालुक्यांची तुलना करायची आहे नं, मग प्रत्येक गावाची सरासरी काढा. २४ गावं, २४ आकडे, १२ हिंगण्याचे आणि १२ काटोलचे. या २४ आकड्यांवर टी टेस्ट लावा. डिग्री ऑफ फ्रीडम २२, रेषा १.९६ च्या जागी २.०७. टी टेस्ट मुळात अशाच कामासाठी जन्मली, गॉसेट नावाचा माणूस डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरीला होता, हातात नमुने मोजकेच असायचे, त्याने १९०८ मध्ये स्टुडंट या टोपणनावाने ती छापली. २४ आकडे बघून गाईड घाबरतील, "एवढा लहान सॅम्पल?" म्हणतील, तर त्यांना सांगा की मोजमाप ३८४ जणींचंच आहे, पण तालुक्यातून निवडली ती गावं निवडली, बाया नाही. जुना गट-नवा गट ही तुलना मात्र एकाच गावात दोन्ही सापडतात म्हणून अशी होणार नाही, तिथे गाव धरून मॉडेल लावावं लागेल, आणि त्या एका ठिकाणी मदत घ्यायला हरकत नाही.

आणि निवड चिठ्ठीने झालेली नसेल तर? तर तसं लिहा. पद्धतीच्या प्रकरणात एक पूर्ण पान द्या: गावं कशी ठरवली, बाया कोणी बोलावल्या, कोण नव्हतं, फॉर्म एकेकीला भरला की सगळ्यांमध्ये बसून. मग टेस्टचे निकाल "अशा, मीटिंगला येणाऱ्या सदस्यांबद्दल" म्हणून मांडा, "विदर्भातल्या ग्रामीण महिला" म्हणून नाही. काही जण म्हणतील रँडम नसेल तर पी व्हॅल्यू लिहूच नका. मी तेवढा कडक नाही, योगायोगाने एवढा फरक दिसू शकतो का याचा किमान अंदाज म्हणून ती चालते, पण त्याहून मोठं काही तिच्याकडून वदवून घेऊ नका.

बाकीच्या गोष्टी पटापट. नॉर्मॅलिटी टेस्टवर (डेटा घंटेच्या आकाराचा आहे का ते बघणारी) आठवडा घालवू नका, तुलनेच्या प्रत्येक बाजूला पन्नास-शंभर जणी असतील तर सरासरीच्या टेस्टला डेटा थोडा वाकडा असला तरी चालतं, हिस्टोग्राम (आकड्यांचा स्तंभालेख) बघा आणि पुढे जा. पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत वाले प्रश्न एकेक घेऊन टी टेस्ट लावण्यापेक्षा एका विषयाचे सहा-आठ प्रश्न मिळवून स्कोअर करा. आणि हायपोथेसिस कमी करा. वय, शिक्षण, जात प्रवर्ग, तालुका, वैवाहिक स्थिती, हे सगळं सगळ्यांशी क्रॉस करून चाळीस टेबल करून राहिले लोक. कुठेच काही फरक नसला तरी चाळीसमध्ये सरासरी दोन सिग्निफिकंट सापडतात, नुसत्या वीस टेस्टमध्ये निदान एक खोटा सापडण्याची शक्यता ६४ टक्के असते. आणि थिसिसमध्ये नेमकी त्या दोन टेबलांवर दहा पानं चर्चा असते, "यावरून असे स्पष्ट होते की". गाईडसोबत बसून तीन-चार मुख्य प्रश्न आत्ताच, डेटा बघायच्या आधी ठरवा, बाकीचे "सहज पाहिलेले" म्हणून वेगळे ठेवा.

दोन महिन्यांत होईल का? तुमच्या थिसिसला लागेल तेवढं होईल, रोज तासभर दिला तर. मी क्रम असा लावतो. पहिले दोन-तीन आठवडे सॉफ्टवेअर नाहीच, एक्सेलचा तो नंबरांचा खेळ, स्टँडर्ड एरर आणि इंटरव्हल, टक्केवारीचा आणि सरासरीचा, वहीत. याच दिवसांत एनएफएचएस-५ चं (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी) नागपूर जिल्ह्याचं फॅक्टशीट डाउनलोड करून वाचा, फुकट आहे. त्यात काही आकडे कंसात दिसतात आणि काही ठिकाणी आकड्याऐवजी नुसता स्टार असतो. कंस म्हणजे तो आकडा फक्त २५ ते ४९ केसेसवर आहे, जपून वापरा, आणि स्टार म्हणजे २५ पेक्षा कमी, म्हणून छापलाच नाही. देशभर एवढा मोठा आरोग्य सर्व्हे करणारे लोक ११ जणींवरून टक्केवारी छापत नाहीत आणि आपण "विधवा, पदवीधर, काटोल: ६६.७ टक्के" छापतो, तीनपैकी दोघी.

त्यानंतर दोन आठवडे पी व्हॅल्यू, एक काय स्क्वेअर आणि एक टी टेस्ट हाताने, एकदाच, पण पूर्ण. मग जामोव्ही नाहीतर जास्प हे सॉफ्टवेअर घ्या, दोन्ही फुकट आहेत, मेनू एसपीएसएससारखेच, आणि कॉन्फिडन्स इंटरव्हलसाठी एक टिकमार्क करावा लागतो, तो करा. एसपीएसएसची चोरीची कॉपी कोणाकडून तरी घेऊन लॅपटॉपला व्हायरस लावून घेण्यात काही अर्थ नाही. वाचायला इग्नूच्या ई-ज्ञानकोशवर संशोधन पद्धती आणि सांख्यिकीची युनिट्स फुकट आहेत, इंग्रजी सोपं आहे. शेवटचे आठवडे स्वतःचा डेटा, आणि तिथे पहिलं काम टेस्ट नाही, फॉर्म यादृच्छिकपणे दोन ढिगांत वाटा, १९२-१९२, आणि मुख्य टेबल दोन्ही ढिगांवर वेगवेगळं करून बघा. महालनोबिसांच्या दोन टीम घरबसल्या. एका ढिगात जो फरक ठळक दिसतो तो दुसऱ्यात गायब होत असेल तर त्यावर प्रकरण उभं करायच्या आधी तुम्हीच थांबाल.

राहिला बर्डीवरचा अनॅलिसिसवाला. द्या की, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मिक्स्ड मॉडेल शिकायला सगळ्यांनाच वेळ नसतो. पण डेटा एन्ट्री आणि क्लीनिंग स्वतः करा, कारण पाच वर्षांच्या बाईला दोन मुलं कशी हे फक्त फॉर्म भरणाऱ्यालाच कळतं की ते वय नाही, गटातली वर्षं आहेत. कोणते तीन-चार प्रश्न तपासायचे ते लिहून द्या, "जे सिग्निफिकंट येईल ते काढून द्या" असं सांगू नका, तो खरंच काढून देईल. आणि नुसतं वर्डमधलं टेबल घेऊ नका, आउटपुट फाइल आणि कमांड पण मागा, फरकाचा इंटरव्हल मागा, आणि गाव धरून केलंय की नाही ते विचारा. त्याने "गाव कशाला?" असं विचारलं तर पैसे देऊ नका, दुसरा बघा.

आज लगेच एक बघा, तुमच्या एक्सेलमध्ये गावाचा आणि गटाच्या नावाचा असे दोन वेगळे कॉलम आहेत का. नसतील तर फॉर्म काढून भरून घ्या, आणि फॉर्मवर पण गटाचं नाव नसेल तर सीआरपी ताईंना आत्ताच फोन लावा, त्यांच्याकडे रजिस्टर असतं, वर्षभराने त्या बदलल्या की ते मिळायचं नाही. गावं किती आणि प्रत्येक गावात किती जणी एवढं कळवलंत तर डिझाइन इफेक्टचा हिशोब मी मांडून देतो.